हाताच्या रेषा दिसेनाशा झाल्या की

११ डिसेंबर

माझी नात अस्मिता हिला कंपनीने एक डायरी दिली. जाड पुठ्ठ्याची, कोऱ्या पानांची. तिला लिहायला वेळ नाही आणि मला लिहायला येत नाही, तेव्हा ती आमच्या घरात वाया जाणार हे ठरलेलंच होतं. मग तीच म्हणाली, आजी, तू बोल, मी लिहिते. मी म्हटलं, बोलेन ते सगळं लिहायचं, मध्ये आपली अक्कल घालायची नाही. तिने आईची शपथ घेतली. आई म्हणजे कुंदा. सुनेच्या शपथेला मी फार धरून नसते, पण चालवून घेतलं.

आज सुरुवात भांडणाने. भांडण दिव्यावरून.

देवापुढचा तिन्हीसांजेचा दिवा या घरात मी लावते. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सासूने शिकवलं, दिव्यासाठी घड्याळ बघायचं नाही. घड्याळ नव्हतंच, ते सोड. पायरीवर उभं राहायचं आणि तळहात डोळ्यांसमोर धरायचा. हाताच्या रेषा दिसतात तोवर दिवस. दिसेनाशा झाल्या की दिवा. पुढे ह्यांच्या मिलमुळे मुंबईत आलो, मग भांडुपला आलो, पायरी गेली आणि गॅलरी आली. हात तोच आहे.

आता दिवा लागला की घरात केरसुणी हलवायची नाही, लक्ष्मी बाहेर जाते. काल बाई केर काढायला आली तेव्हा दिवा लागलेला. मी तिला दारातूनच परत पाठवली. कुंदा बँकेतून दमून आली ती केरातच. म्हणाली, "आई, तुमची तिन्हीसांज हल्ली दुपारच्या चहाला येते."

दिवा लवकर लागतो हे मलाही कळतं. पण मी काय करू? समोर टॉवर उठलाय. पूर्वी तिथे बैठी चाळ होती, तिच्या पत्र्यांवरून थेट डोंगर दिसायचा आणि सूर्य डोंगरामागे उतरायचा. आता बिल्डरने आमच्या गॅलरीत मजल्यांवर मजले आणून उभे केलेत. उजेड अडवतो तो आणि बोलणी खाते मी. नंदकुमार, माझा मुलगा, म्हणाला की आई, टॉवर दोन वर्षांपासून आहे. मी म्हटलं, वाढतोय ना? त्याने पेपर तोंडासमोर धरला. म्हणजे पटलं.

१९ डिसेंबर

बल्ब करणाऱ्या कंपन्याही बदमाश झाल्यात. स्वयंपाकघरातला नंदूकडून बदलून घेतला, तरी तेच. दुसरा आणायला लावला. कुंदा म्हणते, डोळे दिपतात. मला मिणमिण वाटतो. सुनेला सगळंच जास्त वाटतं, माझं बोलणंसुद्धा.

आणि घरातल्या वस्तूंना पाय फुटलेत. स्टूल कोणीतरी वाटेत आणून ठेवतं, दाराची चौकट खांद्याला लागते. माणसंही चोरपावलांनी बाजूला येऊन उभी राहतात. पूर्वी माणूस येताना दिसायचा. आता एकदम असतोच.

२८ डिसेंबर

अस्मिताची कंपनी भिंतींचे रंग बनवते आणि ही त्या रंगांना नावं ठेवते. नावं ठेवायचा पगार मिळतो हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर आज माझा ठाण्यात बंगला असता.

सध्या तिच्याकडे पाच रंग आलेत, सगळे राखाडी-जांभळट. त्यांची इंग्रजी नावं आहेत आणि साहेबाला मराठी हवीत. तिने एकेक शब्द सांगायचा आणि मी म्हणायचं, म्हणजे काय गो? असं आमचं जेवणानंतर चाललं होतं.

पहिला ट्वायलाइट. सूर्य गेलाय पण उजेड गेलेला नाही. साहेबाने सुचवलंय संधिप्रकाश. मी म्हटलं, हा शब्द रेडिओवरचा. घरात कोणी म्हणतं का, संधिप्रकाश झाला, कपडे काढा? आपण म्हणतो, सांजावलं.

दुसरा डस्क. माणूस दिसतो पण कोण ते ओळखू येत नाही, तेवढा काळोख. ही वेळ मला बरोबर ठाऊक आहे. गावाला पाणंदीतून कोणी येताना दिसलं की आम्ही हाळी द्यायचो, "कोण ता?" तेव्हा या रंगाचं नाव ठेव, कोण ता. अस्मिता हसून हसून आडवी झाली. मी म्हटलं, हसतेस काय, हल्ली तर मी भरदुपारीही विचारते. जिन्यात त्या दिवशी विमलालाच विचारलं, तीस वर्षांची शेजारीण. तिला राग आला. तोंडावर ओढणी घेऊन फिरल्यावर कोण ओळखणार? ती म्हणते ओढणी नव्हती. असेल.

मग शॅडो, म्हणजे सावली, त्यात काय सांगायचं. नाइटफॉल म्हणजे रात्र पडते ती, आपली दिवेलागण. शेवटचा ग्लोमिंग. याच्यावर आम्ही अडलो. अस्मिता म्हणाली, तिकडे पार उत्तरेला सूर्य गेल्यावरही उजेड तासन्‌तास रेंगाळतो. ना दिवस, ना रात्र. लोक त्यात फिरतात, गप्पा मारतात. मी म्हटलं, आपल्याकडे असलं काही नाही. आपली संध्याकाळ वाण्याच्या शटरसारखी पडते. आणि बाई, त्यांना एवढे शब्द लागतात कशाला? त्यांचे शब्द आभाळाकडे बघत बसतात. आपले म्हणतात, ऊठ, दिवा लाव, गुरं बांध, पोरं आत घे.

ती म्हणाली, हे छान आहे, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं, पण दुसऱ्यांदा तेवढं चांगलं जमलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असं आपण म्हणत आलो. यंदा संक्रांत विसरलेली दिसते. दिवस वाढायचं नाव नाही, उलट काल दिवा लावला आणि मागून विमलाच्या नातवाची शाळेची बस आली.

हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. विमलाला कुंकू लावलं ते भुवईवर गेलं. ही कपाळ हलवते, मी काय करू? वाण म्हणून कुंदाने चहाची गाळणी दिली. मी तिळाचा लाडू म्हणून कोणाच्या तरी हातावर गाळणीच ठेवली. सगळ्या हसल्या. मीही हसले, मुद्दाम केल्यासारखं दाखवलं. अस्मिता हसली नाही. ती ताट घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, असं तिनेच आत्ता लिहिताना सांगितलं. मला दिसलं नव्हतं.

२६ जानेवारी

सुट्टी. सोसायटीत सकाळी झेंडावंदन झालं, लाऊडस्पीकरने कान किटवले, मग जेवण. जेवणावर अस्मिताने रंगांच्या पट्ट्या काढल्या. पाच जाड कागद, एकेका रंगाचा एकेक, माझ्या मांडीवर ओळीने ठेवले. म्हणाली, आजी, यातला डस्क कुठला वाटतो आणि नाइटफॉल कुठला, तुझ्या मनाने लाव.

मी बघितलं. वर धरून बघितलं, लांब धरून बघितलं. मग तिला सांगितलं ते इथे लिही, तुझ्या साहेबालाही वाचून दाखव: ही कंपनी लोकांना फसवते. पाचही पट्ट्या एकाच रंगाच्या आहेत. एकच डबा पाच नावांनी विकायचा हा धंदा आहे.

अस्मिता हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, नीट बघ. मला गॅलरीत घेऊन गेली. पुन्हा पट्ट्या दिल्या. मी म्हटलं, गो, इथे तरी कुठे उजेड आहे?

तिने विचारलं, "आजी, आत्ता कुठली वेळ झालीय?"

मी म्हटलं, "तुझ्याच भाषेत सांगते. डस्क."

आता मी काही भ्रमिष्ट नाही. नुकतं जेवण झालंय हे मला ठाऊक आहे, कुंदाची भांडी अजून सिंकमध्ये आहेत. उन्हाचा चटका हाताला लागतोय. पण उजेड डस्कचाच आहे, त्याला मी काय करू? टॉवरची सावली पडली असेल.

पेन थांबलं बघ. लिही गो. थांबायचे पैसे नाही मिळत तुला.

२९ जानेवारी

अस्मिताला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं, चष्म्याचा नंबर बघायला. एकटीला भीती वाटते म्हणे. एवढी शिकलेली पोर, पण शेवटी आजी लागतेच. मी रिक्षात तिला धीर दिला.

तिथे गेल्यावर खुर्चीवर मलाच बसवलं. अस्मिता म्हणाली, आलोच आहोत तर तुझेही बघू दे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. तपासणारी बाई म्हणाली, वाचा. मी म्हटलं, ते तुम्ही शिकलात, मी ऐकते. तिने तक्ता बदलला. अक्षर न येणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे वेगळा तक्ता असतो. त्याच्यावर एक मोडका कंगवा काढलाय, तीनच दातांचा, वर मोठा आणि खाली बारीक बारीक होत जाणारा. दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. हे मला आवडलं. पहिला मोठा कंगवा बरोबर दाखवला. त्याच्या खाली ओळी आहेत असं बाई म्हणत होती. मी अंदाजाने बोटं फिरवली, वर, खाली, इकडे, तिकडे. मुंबईत जन्म गेला असाच. बसचा नंबर विचारायचा नाही, कोण चढतंय ते बघायचं.

मग डोळ्यांत थेंब, मशीनवर हनुवटी, फू करून वारा, काळ्या भांड्यात ठिपके दिसले की बटण दाब. मी बराच वेळ बटण घेऊन बसले. ठिपके येतच नव्हते. त्यांचं मशीन बिघडलं असणार असं मी म्हणाले. 

परत येताना रिक्षात अस्मिता रडत होती. म्हणाली, "आजी, तुला कधी कोणी काही वाचायलाच दिलं नाही. म्हणून आम्हाला कळलं नाही."

मी म्हटलं, काय कळलं नाही?

३० जानेवारी

आज लिहायचं नाही. एवढंच लिही की लिहायचं नाही.

२ फेब्रुवारी

काचबिंदू. विमलाला मोतीबिंदू झाला होता. तिला मोती आणि मला काच. नशिबाने तिथेही वाण्याचा हलका माल दिला.

टॉवरने काही केलेलं नाही. बल्बवाल्यांनीही नाही. बिल्डरला एवढ्या शिव्या दिल्या त्या आता परत घ्यायच्या का? राहू देत, दुसऱ्या कशासाठी तरी लागू होतील.

डॉक्टर पोरगेला आहे, पण नीट बोलला. आत नस असते, ती दाबाने सुकत गेलीय. उजव्यातला उजेड जवळजवळ गेला. डाव्यातलाही कडेने गेलाय, मधला राहिलाय. गेला तो परत येत नाही. थेंब जन्मभर घालायचे, आणि डाव्याचं ऑपरेशन लवकर करायचं, नाहीतर तोही जाईल. मी विचारलं, ऑपरेशनने दिसायला लागेल? नाही म्हणाला. मग चिरायचं कशाला? तो म्हणाला, "आजी, उरलेलं राहावं म्हणून."

मी ऑपरेशनला नाही म्हटलंय.

माझ्या आईचंही असंच झालं होतं. तेव्हा नाव नव्हतं, डोळे गेले एवढंच म्हणायचे. ती पडवीत खांबाला टेकून बसायची. येणारी माणसं तिच्यासमोर उभी राहून आम्हाला विचारायची, जेवते का ही? झोप लागते का हिला? जशी काही तिचे कानही गेले. ती मान फिरवत राहायची, आवाज येईल तिकडे. मी तेव्हा परकरी पोर होते, पण ती फिरणारी मान मला आठवते. कापून घेतलं आणि उरलंसुरलं गेलं तर उद्याच पडवी. नाही कापलं तर थोडे दिवस तरी मिळतील. हा माझा हिशेब. अस्मिताला पटत नाही. लिहितेय, पण दात ओठ खाऊन लिहितेय, मला ऐकू येतं.

कुंदा आज मला न विचारता नंदूला म्हणाली, "थेंब घातले का त्यांना?" मी तिथेच बसले होते.

६ फेब्रुवारी

काल दुपारी एकटी होते. गॅलरीत बसून त्या ग्लोमिंगचा विचार केला. इतकी वर्षं मी काळोखाकडे कामवालीकडे बघावं तसं बघितलं. आला, मी दिवा लावला, त्याने आपलं काम करावं, मी माझं. रेंगाळणारा उजेड मला कधी बघायला मिळाला नाही. डॉक्टर जे सांगतो ते तेच आहे का? सकाळ देतो असं तो म्हणतच नाही. संध्याकाळ थांबवून धरतो म्हणतो. ना दिवस, ना रात्र, पण त्यात फिरता येतं, गप्पा मारता येतात.

आणि खरं सांगायचं तर न कापताही पडवी येणारच आहे. मी फक्त ती आज येते की उद्या यावर भांडत होते.

संध्याकाळी नंदू आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आईकडून पोरांकडे जातं, मुलाचेही डोळे तपासा. नंदूने ऐकून सोडून दिलं होतं. मार्च एंडिंग झालं की बघू, म्हणाला. मी त्याला समोर बसवला. समोर, म्हणजे मला दिसेल असा.

म्हटलं, "तू तपासून ये, मग मी कापून घेते. तू नाही तर मीही नाही."

"आई, मला स्पष्ट दिसतंय."

"मलाही दिसत होतं रे. सगळा दोष टॉवरचा होता."

तो हसला नाही. उद्या जातो म्हणाला. कुंदा ओट्याशी उभी होती, तिचा हात पोळी लाटताना थांबला. ते मला दिसलं नाही, लाटण्याचा आवाज थांबला.

तिला मी थेंबांबद्दलही सांगितलं. म्हटलं, माझे थेंब मला विचारायचे, नंदूला नाही. तिने लाटणं पुन्हा फिरवायला घेतलं. मग म्हणाली, "चुकलं, आई." सुनेच्या तोंडून हा शब्द निघालाय, तारीख नीट घाल.

१६ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. काही नवीन दिसत नाही, तसं डॉक्टरने सांगितलंच होतं. होतं तेवढं आहे. सकाळी उठल्यावर आधी बघून घेते, आहे का. अस्मिताचं तोंड बरोबर समोर धरलं तर आहे. कान नाहीत, तोंड आहे. तोंड असलं की बाकीचं ऐकू येतं.

नंदूच्या डोळ्यांत दाब निघाला. थोडा, वेळेत सापडला, थेंबांवर भागेल म्हणतात. आता फ्रिजमध्ये दोन बाटल्या असतात, एक माझी, एक त्याची. माझ्या बाटलीला कुंदाने लाल दोरा बांधलाय. अक्षर नसलेल्या बाईला असं समजावून दिलेलं बरं असतं. न बोलता केलं तिने.

२४ फेब्रुवारी

अस्मिताच्या साहेबाने दोन नावं घेतली, सांजावलं आणि दिवेलागण. कोण ता ऐकून तो हसला, पण भिंतीला लावणार नाही म्हणाला. ग्लोमिंगसाठी त्याने स्वतः सुचवलंय, सरता उजेड. अस्मिताने मला विचारलं.

मी म्हटलं, सरता का? लोकांनी घर रंगवायचं आणि भिंतीने रोज सांगायचं, सरतोय, सरतोय? उरला उजेड म्हण.

साहेब म्हणाला, उरला म्हटलं की शिळं वाटतं, कोणी विकत घेणार नाही. नको तर नको. ते नाव मी ठेवून घेते, मला वापरायला होईल.

२८ फेब्रुवारी

माझ्या हातून दिवा लावायचा राहिला होता. ऑपरेशननंतर वाकू नका, धूर नको, म्हणून कुंदाच लावत होती, घड्याळ बघून. आज मी म्हटलं, आता मी लावते. पण कधी, हा प्रश्न होता. माझ्या हातावर आता रेषा भरदुपारीही नाहीत. त्या हिशेबाने सकाळी उठल्या उठल्या दिवा लावायचा आणि केर कधीच काढायचा नाही.

अस्मिता ऑफिसात होती. शनिवार, बँक बंद, म्हणून कुंदा घरी. मी गॅलरीत उभी राहिले. समोरचा टॉवर असेल तिथे असेल. बाई केर काढून गेली. कुंदा मागून आली, आणि हल्ली ती येताना बांगड्या वाजवते, मुद्दाम, मला कळावं म्हणून. माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिने आपला तळहात समोर धरला. मला दिसला नाही, तिनेच माझा हात धरून त्याच्यावर ठेवला.

म्हणाली, "आई, माझ्या रेषा अजून दिसतायत."

मी म्हटलं, थांबू या.

उभ्या राहिलो. खाली पोरं खेळत होती, कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. लग्नात हा हात नंदूने धरला होता. मी तो आज पहिल्यांदा असा धरला. रुंद आहे, आणि बोटांच्या टोकांना नोटा मोजून मोजून गुळगुळीत झालाय. आम्ही दोघी इतका वेळ न भांडता कधी उभ्या होतो, आठवत नाही.

"आता?"

"दोनच राहिल्यात."

"आता?"

तिने तळहात जवळ ओढला, माझ्या हातासकट. मग म्हणाली, "आता नाही दिसत."

मी आत जाऊन दिवा लावला. काडी ओढायला मीच, वात दाखवायला ती. ज्योत समोर धरली की मला दिसते. दिवा लागलेला बघून मी पुन्हा गॅलरीत आले आणि कुंदाला विचारलं, बाहेर अजून थोडा उजेड आहे का?

आहे, म्हणाली. आम्ही तो जाईपर्यंत तिथेच बसलो.